साखर सुटत नाही? एन्झाइमला दोष देण्याआधी या चुका टाळा

"एन्झाइम खराब आहे, साखरच सुटत नाही." काडापासून साखर काढताना आधी ते कॉस्टिक सोड्याने किंवा आम्लाने मोकळं करतात, मग एन्झाइम त्यातल्या सेल्युलोजची साखर करतं. त्यात ही तक्रार आली की मी आधी विचारते, कॉस्टिकनंतर काड धुतलं कसं? दहातल्या सात वेळा उत्तर तिथेच सापडतं.

एका विद्यार्थिनीने गव्हाचं काड 2 टक्के कॉस्टिक सोड्यात 121 अंशांवर तासभर ठेवलं होतं. काम छान झालं होतं. द्राव काळाकुट्ट, म्हणजे तंतूंना चिकटवून ठेवणारं लिग्निन सुटून बाहेर आलेलं. पण पुन्हा पुन्हा धुण्याचा कंटाळा आला आणि तिने त्याच बाटलीत सल्फ्युरिक आम्ल ओतून पीएच 5 वर आणला. लगेच तपकिरी गाळ धरला. लिग्निन अल्कलीत विरघळतं आणि आम्ल मिळालं की पुन्हा घट्ट होऊन बसतं, तेही काडाच्या तंतूंवरच. गाळायला घेतलं तर कापड तुंबलं, चोथा बोटांना चिकटायला लागला. एवढ्या खटाटोपानंतर साखर कच्च्या काडापेक्षा जेमतेम जास्त. त्यानंतर तीन आठवडे एन्झाइमच्या बाटल्या बदलण्यात गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून काळा द्राव आधी गाळून, दाबून पूर्ण काढायचा. मग गरम पाण्याने, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. नितळ पाण्यावरही विसंबू नका. चोथा ताज्या पाण्यात तासभर भिजू द्या आणि मग पीएच बघा, कारण तंतूंत अडकलेलं अल्कली सावकाश बाहेर येतं आणि नंतर पीएच स्थिर ठेवणाऱ्या बफरला हरवतं. आम्ल अगदी शेवटी, थेंबाथेंबाने. सेल्युलेजला, म्हणजे सेल्युलोजची साखर करणाऱ्या एन्झाइमला, साधारण 4.8 ते 5 पीएच आणि 50 अंश लागतात.

दुसरी चूक मला सर्वात जास्त खुपते. धुतलेला चोथा वजनाच्या सोयीसाठी 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवणं. इतक्या कष्टाने उघडलेली सूक्ष्म छिद्रं पाणी उडताना मिटतात आणि पुन्हा भिजवलं तरी पूर्वीसारखी उघडत नाहीत. एन्झाइम आत शिरणार कुठून? एक चिमूट ओव्हनमध्ये ठेवून ओलावा काढा, ती चिमूट फेकून द्या. बाकीचा चोथा ओलाच, बंद पिशवीत, फ्रिजमध्ये. कोरडं वजन हिशेबाने येतं. त्याला पाच मिनिटं लागतात आणि तेवढी द्यायलाच हवीत.

कॉस्टिकऐवजी आम्ल वापरणाऱ्यांनो, "अजून थोडं तापवू" हा मोह आवरा. झायलोज, म्हणजे काडातली एक साखर, जास्त तापलं की त्याचं फरफ्युरल होतं आणि पुढे साखर आंबवणारं यीस्ट त्याने दबतं. बाटली उघडताच कडू बदामासारखा वास आला तर हद्द ओलांडली समजा. या पद्धतीत झायलोज बरंचसं द्रावात उतरतं, तेव्हा त्यातली साखर मोजल्याशिवाय द्राव ओतून टाकू नका. काडाला माती असेल तर आधी झटका, धुवा. राख आणि माती आम्ल खातात.

मोठ्या बाटलीचा मध्य उशिरा तापतो, घड्याळ त्या हिशेबाने लावा.

डीएनएसने, म्हणजे साखरेशी रंग देणाऱ्या रसायनाने, साखर मोजताना लिग्निनचे फिनॉलिक तुकडेही रंग देतात, आकडा फुगतो. तुलनेसाठी दोन बाटल्या कायम सोबत ठेवा: एक एन्झाइमशिवाय, एक काडाशिवाय. बाजारातल्या एन्झाइमच्या द्रावात बरेचदा थोडी साखर आधीपासूनच असते, ती वजा करा.