आधी भोकं बुजवा, मग बेल्ट वाटा

बडोद्यात बांधकामाच्या साइटवर सेफ्टीचं काम करायला लागून मला अकरा वर्षं झाली. घर दांडिया बाजारात. आजोबा कलाभवनात शिकलेले, वडिलांनी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आयुष्य काढलं. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, दोन वर्षं एक्झिक्युशनला, म्हणजे प्रत्यक्ष बांधकामावर, काढली आणि मग सेफ्टीकडे वळले. आता दर वर्षी दोन-तीन नवी मुलंमुली हाताखाली येतात. त्यांना पहिल्या आठवड्यात जे सांगते, ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात एका प्लायच्या तुकड्यापासून करते, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली.

सेफ्टीत येऊन मला चौथा महिना चालू होता. सात मजली इमारत, तिसऱ्या स्लॅबवर सेंटरिंगचं, म्हणजे स्लॅब ओतण्याच्या तात्पुरत्या साच्याचं, सामान इकडून तिकडे चाललेलं. प्लंबिंगच्या डक्टवर, म्हणजे पाइप नेण्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या भोकावर, कुणीतरी एक प्लाय टाकून ठेवला होता. सकाळच्या फेरीत मी त्या प्लायवरून चालत गेले. पायाखाली तो जरासा हलला, तेही मला जाणवलं. पण माझं सगळं लक्ष स्लॅबच्या कडेला होतं, कारण तिथे दोन माणसं सेफ्टी बेल्टशिवाय उभी होती. त्यांना बेल्ट घालायला लावले, वहीत नोंद केली आणि समाधानानं खाली उतरले.

अकराच्या सुमारास दाहोदकडचा एक विशीतला हेल्पर तिथे आला. पुढच्या खोलीत प्लाय कमी पडत होता. हा पडलेला दिसला, म्हणून त्यानं तो दोन्ही हातांनी उचलून छातीसमोर उभा धरला आणि पुढे पाऊल टाकलं. प्लाय समोर असल्यामुळे त्याला खालचं काहीच दिसत नव्हतं. जे भोक त्यानंच उघडं केलं, त्यातच तो गेला. एकच मजला, तीन मीटर. कंबरेचं हाड मोडलं आणि पोरगा आठ महिने खाटेवर होता. जीव वाचला, कारण खालच्या मजल्यावरच्या डक्टमध्ये योगायोगानं वाळूच्या गोणी रचलेल्या होत्या.

त्या दिवशी कडेला उभे असलेले दोघं धडधाकट घरी गेले. कड सगळ्यांना दिसते. तिथे माणूस आपोआप जपून पाऊल टाकतो. भोक मात्र झाकलेलं असतं आणि त्यावर धूळ बसली की ते स्लॅबसारखंच दिसतं. म्हणून माझ्याकडे नवीन येणाऱ्याला मी सांगते: पहिले पंधरा दिवस बेल्टच्या मागे लागू नकोस. भोकं शोध, मोज आणि बुजव.

बुजवायचं म्हणजे वर काहीतरी टाकायचं नाही. झाकण भोकापेक्षा चारी बाजूंनी मोठं हवं, माणूस आणि भरलेली ट्रॉली दोन्ही पेलेल इतकं जाड हवं आणि काँक्रीटच्या खिळ्यांनी किंवा अँकरनं ठोकलेलं हवं, म्हणजे एकटा माणूस ते सहज उचलू शकणार नाही. वर लाल रंगात लिहायचं: ‘खाली भोक आहे, उचलू नका’. आमच्याकडे हे गुजरातीत आणि हिंदीत लिहितात. सोबत मी खाली पडणाऱ्या माणसाचं चित्रही काढून घेते, कारण निम्म्या लोकांना वाचता येत नाही. याहून चांगला उपाय डिझाइनच्या वेळीच करता येतो. डक्टच्या जागी स्लॅबची सळई तोडायचीच नाही, जाळी तशीच पुढे न्यायची, भोवती काँक्रीट ओतायचं आणि प्लंबर येईल तेव्हा त्याला लागेल तेवढीच कापायची. खर्च जवळपास शून्य. स्लॅबच्या आधी ड्रॉइंगवर बसून इंजिनिअरशी हे बोलून घ्यायला लागतं, आणि नव्या सेफ्टीवाल्यानं मान मिळवायचा असेल तर तो इथे मिळतो. स्लॅब झाल्यावर आरडाओरडा करून मिळत नाही.

लिफ्टच्या डक्टला दर मजल्यावर पक्का दरवाजा किंवा रेलिंग हवं. लाल-पांढरी पट्टी बांधून काम झालं असं समजणारे सुपरवायझर भेटतील. ती पट्टी डोळ्यांसाठी आहे, माणसाचं वजन पेलण्यासाठी नाही. तिथे हटून बसा.

एक हिशोब मी सगळ्यांना फळ्यावर करून दाखवते. तीन मीटरवरून पडलेला माणूस खाली यायला पाऊण सेकंदाच्या आसपास घेतो आणि जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. दहा मीटरवरून हाच वेग ताशी ५० पर्यंत जातो. पाऊण सेकंदात ‘अरे सांभाळ’ एवढंही म्हणून होत नाही. म्हणून ‘एकच तर मजला आहे’ हे वाक्य कानावर आलं की मी तिथेच थांबते.

आता बेल्टविषयी. साइटवर सगळे ‘बेल्ट’ म्हणत असले तरी कंबरेचा पट्टा आता चालत नाही, त्यानं पडणाऱ्याचा कणाच मोडतो. हवा तो फुल बॉडी हार्नेस, आयएस ३५२१ चा शिक्का असलेला, दोन दोऱ्यांचा, म्हणजे एक हूक काढताना दुसरा अडकलेला राहतो. रोज सकाळी हातात घेऊन बघा: पट्टीला कुठे काप, वेल्डिंगची ठिणगी लागून पडलेलं भोक, सिमेंट बसून कडक झालेली शिवण. शॉक अ‍ॅबसॉर्बरची, म्हणजे पडताना झटका शोषणाऱ्या पट्टीची, पिशवी फाटलेली किंवा ताणलेली दिसली तर तो हार्नेस एकदा झटका खाऊन आलेला आहे. तो परत स्टोअरला देऊ नका, कापून टाका, नाहीतर आठवड्यानं तो कुणाच्या तरी अंगावर दिसतो. मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जेमतेम जायला हवा. मूठ जात असेल तर पट्टा सैल आहे.

बायकांचा प्रश्न मला मुद्दाम लिहायचा आहे, कारण तो कुणी विचारतच नाही. साडीवर किंवा घाघऱ्यावर मांडीचे पट्टे नीट बसत नाहीत, म्हणून ते सोडून ठेवतात आणि वरचे खांद्याचे पट्टे तेवढे घालतात. असा हार्नेस पडताना अंगातून निसटतो. आमच्या साइटवर उंचीवर जाणाऱ्या बायकांना मी पँट आणि लांब शर्ट द्यायला लावला. पहिले दोन दिवस त्या लाजल्या. तिसऱ्या दिवशी एक मावशी येऊन म्हणाल्या, “बेन, याला खिसापण आहे.” त्यानंतर प्रश्न मिटला.

हार्नेस घातला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असं मुळीच नाही. हूक कुठे अडकवला यावर सगळं आहे. सर्वांत वाईट जागा म्हणजे कॉलमच्या उभ्या सळया. हूक वरून निघून येतो आणि काम करणाऱ्याला वाटत राहतं की आपण बांधलेले आहोत. सैल पाइप, वायरचा कंड्युट, खिडकीची चौकट, यातलं काहीही चालणार नाही. दुसरी गोष्ट खाली मोकळ्या जागेची. दोरी १.८ मीटर, झटका बसल्यावर अ‍ॅबसॉर्बर उघडतो तो सव्वा ते पावणेदोन मीटर, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि वर एक मीटर राखीव. सगळं मिळून हुकाच्या जागेपासून खाली साडेपाच ते सहा मीटर मोकळे लागतात. पहिल्या स्लॅबवर पायाशी हूक अडकवलेला माणूस पडला तर दोरी ताणण्याआधीच जमिनीवर आदळेल. तिथे हार्नेस शोभेचा आहे. तिथे रेलिंग हवं, किंवा दोरी इतकी आखूड हवी की माणूस कडेपर्यंत पोहोचणारच नाही.

दोरीनं माणूस अडला, लटकला, तर पुढे काय, हे ठरलेलं नसेल तर उंचीवरचं काम सुरू करू देऊ नका. लटकलेल्या माणसाच्या मांड्या पट्ट्यांनी आवळल्या जातात, रक्त पायांत साठतं आणि काही मिनिटांतच तो बेशुद्ध होऊ शकतो. १०८ ला फोन करायचाच, पण अँब्युलन्स वर चढून त्याला उतरवत नाही. उतरवायचं आपल्याच माणसांना. शिडी कुठे, कोण चढणार, कोण दोरी सोडणार, याची मी तीन महिन्यांतून एकदा वाळूची गोणी लटकवून रंगीत तालीम घेते. पहिल्या तालमीला गोणी उतरवायला २२ मिनिटं लागली होती. आता सहा लागतात.

परांचीबद्दल, इथले लोक जिला पालख म्हणतात तिच्याबद्दल, पुस्तकांत भरपूर मिळेल. बडोद्याचं म्हणून जे आहे तेवढंच सांगते. इथली माती काळी. पावसात फुगते, मऊ होते, सुकली की भेगाळते. बेस जॅक, म्हणजे परांचीच्या पायाखालचा आधार, थेट जमिनीवर ठेवला तर एका रात्रीच्या पावसात एक पाय चार बोटं खाली जातो आणि अख्खी परांची कलते. खाली जाड लाकडी फळी हवीच. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचा पूर ओसरला, तेव्हा आमच्या साइटवर बाहेरून सरळ दिसणारी परांची मी ओळंब्यानं बघितली आणि ‘वापरू नका’चा लाल टॅग लावून पूर्ण उतरवून घेतली. चार दिवस गेले. प्रोजेक्ट मॅनेजर नाराज होते, तरी सही त्यांनीच केली. एरवी आठवड्यातून एकदा आणि पाऊस-वाऱ्यानंतर दर वेळी तपासणी. चाली, म्हणजे परांचीवर उभं राहायची फळी, दोन्ही टोकांना बांधलेली आहे का, हे पायानं दाबून बघा.

सणांचं वेळापत्रकसुद्धा सेफ्टीच्या वहीत असू द्या. नवरात्रात नऊ रात्री गरबा. आमचे लोकही जातात आणि सकाळी झोपाळलेले येतात. त्या दिवसांत पहिले दोन तास मी कडेचं काम देत नाही. उत्तरायणाला, १४ आणि १५ जानेवारीला, आजूबाजूची पोरं पतंगासाठी अर्धवट इमारतीच्या गच्चीवर शिरतात. त्या आधीच्या आठवड्यात जिन्याला कुलूप लागतं आणि परांचीत अडकलेला मांजा रोज सकाळी काढून टाकावा लागतो, कारण तो सोडवायला कुणीतरी कडेवरून वाकतोच. होळीला दाहोद, छोटा उदेपूर, झाबुआकडची माणसं गावी जातात. परत येतात तेव्हा टोळीत निम्मे चेहरे नवे असतात आणि मुकादम म्हणतो, सगळे जुनेच आहेत. होळीनंतरचा आठवडा माझ्या मते वर्षातला सर्वांत धोक्याचा. प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून साइट दाखवायची, मग तो काहीही म्हणो.

“बेन, कंई नहीं थाय.” ताई, काही होत नाही, हे तुम्ही रोज ऐकाल. त्यावर कायदा सांगू नका. मी त्या मुकादमाला डक्टपाशी नेते, वरून एक वीट सोडते आणि दोघं मिळून आवाज ऐकतो (खालची जागा मोकळी करून, तिथे कुणी शिरू नये म्हणून बाजूला माणूस उभा करूनच). बहुतेक वेळा पुढचं बोलावं लागत नाही. आणि लोकांशी त्यांच्या शब्दांत बोला. ‘फॉल प्रोटेक्शन’ म्हटलं की चेहरे कोरे होतात. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सेफ्टीच्या बोलण्यात, पाच मिनिटं, एकच विषय, आज जिथे काम आहे त्याच मजल्यावर उभं राहून.

कायदा मात्र तुम्हाला स्वतःला पाठ हवा. बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ चा. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कल्याण मंडळाकडे जातो. आता त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि २५० किंवा अधिक बांधकाम कामगार असतील तिथे सेफ्टी ऑफिसर नेमणं बंधनकारक आहे. १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला कल्याण मंडळाकडे नोंदणी करता येते. गुजरातेत त्याला ई-निर्माण कार्ड मिळतं. माझ्या त्या हेल्परकडे ते कार्ड नव्हतं. आता टोळी आली की कार्डाची चौकशी मी हेल्मेट देतानाच करते.

शिक्षणाचं थोडक्यात: सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री, मग औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा मान्यताप्राप्त डिप्लोमा. केंद्र सरकारची संस्था मुंबईत सायनला आहे, प्रादेशिक संस्था कानपूर, फरीदाबाद, चेन्नई आणि कोलकात्याला. खाजगी प्रमाणपत्रांवर पैसे घालण्याआधी त्याला राज्याची मान्यता आहे का, ते बघा. आणि शक्य असेल तर कोर्सच्या आधी एक-दोन वर्षं प्रत्यक्ष कामावर काढा. सेंटरिंग कसं बांधतात आणि कसं सोडवतात हे न कळता त्यावर उभ्या माणसाला काही सांगायला गेलात, तर तो ऐकणार नाही.

पहिल्या दिवशी काय करायचं, असं विचारतात. माझ्या पहिल्या साइटवरच्या एका मराठी फोरमन काकांनी, तो अपघात झाल्यावर, मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “ताई, फेरी वरनं खाली करत जा. चढताना धाप लागते, माणूस फक्त पायऱ्या बघतो.” तेव्हापासून तेच करते आणि करवून घेते. नव्या माणसाला टॉर्च, मीटर टेप, खडू आणि वही द्यायची, थेट गच्चीवर पाठवायचं आणि एकेक मजला उतरत प्रत्येक भोकाभोवती खडूनं गोल काढून नोंद करायला सांगायचं.

गेल्या पावसाळ्यात भायलीच्या साइटवर एक मुलगी रुजू झाली. सकाळी नऊला वर गेली, ती दुपारी जेवण टाळून तीनला खाली आली. ड्रॉइंगमध्ये २६ ओपनिंग होती. तिच्या वहीत ४१ होती. जास्तीची १५ कुठली ते आम्ही दोघींनी संध्याकाळी फिरून बघितलं: काँक्रीट पंपाचा पाइप नेण्यासाठी ठेवलेली, होइस्टचे (सामान वर नेणाऱ्या यंत्राचे) बोल्ट काढल्यावर उरलेली, ओळंबा सोडायला पाडलेली, आणि एक जिन्याच्या वळणावर, कशासाठी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं. त्यावर एक प्लाय टाकलेला होता, सुटा. सुताराला बोलावून तो आम्ही अंधार पडायच्या आत ठोकून घेतला.