रोव्हरमध्ये मेटिऑर बसवताना: आधी तेलाचा व्हॉल्व्ह, मग बाकी सगळं

सेंच्युरियन रणगाड्याचं मेटिऑर इंजिन रोव्हर एसडी१ मध्ये घालायचं पक्कं झालं असेल, तर सुरुवातीलाच एक गोष्ट लिहून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवा: तेलाच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा आहे हे हाताने चाचपल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं आणि बेअरिंगं गेली. म्हणून ही यादी. व्हॉल्व्हचा विषय परत परत येईल, तो वगळून पुढे जाऊ नका.

इंजिन ओळखून घ्या. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या मर्लिन इंजिनाचा सुपरचार्जर (सिलिंडरमध्ये जास्तीची हवा दाबणारा पंप) काढून बनवलेलं, २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. १९४३ मध्ये रोल्स-रॉइसने जेट इंजिनाच्या कामाच्या बदल्यात ते रोव्हरकडे सोपवलं, त्यामुळे रोव्हरच्या गाडीत ते शोभतंही. नगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन पाहिला असेल, तर त्याच्या पोटातलं इंजिन हेच. १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेंच्युरियन याच्याच जोरावर धावले.

कागद आधी. ब्रिटनमध्ये मूळ सांगाड्याला कटर लावण्यापूर्वी डीव्हीएलएला (तिथली वाहन नोंदणी करणारी सरकारी संस्था) फोटोंसह लेखी विचारा, उत्तर फाइलला लावा, विमा कंपनीलाही कळवा. भारतात रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी हा विचार सोडा. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाहीत.

दोन टनी क्रेन, बीएसएफ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने, हातमोजे, अग्निशामक हे सांगायला नको. क्रेनला वजनकाटा मात्र लावा. सुपरचार्जरवालं मर्लिन ६१ कोरडंच ७४४ किलो भरतं. तुमचं मेटिऑर किती भरतं ते अंदाजाने ठरवू नका, कारण पुढच्या स्प्रिंगा आणि ब्रेक त्याच आकड्यावर निवडायचे आहेत. एवढं ओझं एसडी१ च्या पत्र्याला टांगायचं नाही. पुढून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारी स्वतंत्र चौकट घाला. बल्कहेड, म्हणजे इंजिन आणि सीटच्या मधली भिंत, मागे सरकेल, त्यासोबत सीट आणि पेडलही.

गिअरबॉक्सपाशी बहुतेकांचा हिशेब चुकतो. सुरुवातीच्या मेटिऑरची ताकद मिनिटाला २,५५० फेऱ्यांना ६०० अश्वशक्ती, म्हणजे त्या वेगालाच सुमारे १,६७५ न्यूटन-मीटर टॉर्क. साधा गिअरबॉक्स पहिल्याच दिवशी दात टाकेल. शिवाय ३.०८ चा डिफरन्शियल आणि थेट टॉप गिअर धरला तर २,५०० फेऱ्यांना गाडी जेमतेम ताशी १०० किलोमीटरला पोचते. म्हणून इंजिन आणि क्लचच्या मध्ये वेग दुप्पट करणारा गिअर-संच लागतो. टॉर्क निम्मा होतो आणि पुढच्या भागांना जगायला वाव मिळतो. पण गिअरच्या एका जोडीने फिरण्याची दिशा उलटते! दिशा परत सुलटी करणारा मधला गिअर (आयडलर) घालायचा की नाही, हे क्रँक कुठल्या दिशेला फिरतो ते पाहून ठरवा. क्रँक हाताने फिरवा: एक्झॉस्ट मिटत असताना इनलेट उघडत असेल तर ती दिशा बरोबर. हे न बघता संच बनवून घेतलात, तर गाडीला एक गिअर पुढचा आणि बाकीचे मागचे.

हाताने फिरवण्यापूर्वी चोवीसच्या चोवीस प्लग बाहेर काढा. ठिणगीची वीज स्वतःच तयार करणाऱ्या मॅग्नेटोची, त्याला बंद करणारी तार तुटली तर कॉइलसारखी ठिणगी बंद होत नाही, उलट चालूच राहते. प्लग काढल्याने सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी किंवा पेट्रोलही बाहेर पडतं. नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रत्येक भोकात दोन चमचे तेल सोडून रात्रभर ठेवा. संपचा (इंजिनाच्या तळाशी तेल साचतं त्या भांड्याचा) बूच उघडल्यावर आधी पाणी आलं, तर तिथेच थांबा आणि लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) सील तपासा.

आता तेल. टाकी इंजिनाबाहेर असते. गाडी महिनाभर उभी राहिली की तेल पंपाच्या दात्यांमधून झिरपत संपमध्ये उतरतं. ते अडवायला टाकीखाली व्हॉल्व्ह बसवतात आणि तोच बंद राहून इंजिनं मरतात. स्प्रिंगचा आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह घेऊ नका, तो पंपाची ओढ अडवतो. पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह घ्या, होजच्या आतल्या व्यासाइतका. दांडा नळीला समांतर म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद. त्याला लाल रंग द्या. दांडा पूर्ण उघडल्यावरच जुळेल असा मायक्रोस्विच लावा आणि स्टार्टरचा रिले त्यातूनच न्या. तरीही इग्निशनची किल्ली दांड्यालाच अडकवून ठेवा. स्विच बिघडतो, तार सुटते. किल्लीसाठी हात व्हॉल्व्हपाशी न्यावाच लागतो. जुने होज फेकून द्या, त्यांचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं आडवं येतं. टाकीतून पंपाकडे जाणारी आणि संपमधून परत येणारी नळी वेगळ्या रंगाची ठेवा.

पहिल्या स्टार्टआधी प्रेशर गेजच्या भोकातून बाहेरच्या पंपाने कोमट तेल भरा आणि दुसऱ्या माणसाला क्रँक सावकाश फिरवायला सांगा. दोन्ही बाजूंची कॅमशाफ्टची झाकणं उघडी ठेवा. रॉकरवरून तेल ठिबकताना दिसेपर्यंत भरत राहा, गेजवर विसंबू नका. मग व्हॉल्व्ह उघडा (हो, पुन्हा), प्लगविना स्टार्टर दहा-दहा सेकंद मारा, दाब दिसला की प्लग बसवा.

बाकीचं थोडक्यात. सेंच्युरियनचा स्टार्टर २४ व्होल्टचा, गाडीचे दिवे १२ चे. वायरिंग पूर्ण वेगळं ठेवा. इंजिनाच्या पेट्रोल पंपाला धडक बसताच वीज तोडणारा स्विच हवा, कारण पूर्ण जोरात हे इंजिन मिनिटाला तीन लिटरच्या आसपास पितं. रेडिएटर बसेल तेवढा मोठा. कूलंट गंजरोधक, इंजिनात अ‍ॅल्युमिनियम आहे. एक्झॉस्टपासून ब्रेकच्या नळ्या लांब.

पहिल्यांदा चालू झालं की पाच सेकंदांत दाब दिसला नाही तर बंद. दिसला तर तेल गरम होईपर्यंत हजारच्या वर नेऊ नका. बंद केल्या केल्या टाकीतलं तेल मोजा, दुसऱ्या दिवशी मोजाल तर उगाच जास्त ओताल. मग व्हॉल्व्ह बंद करा आणि किल्ली दांड्याला.