लग्न करून जर्मनीला जाणाऱ्या आपल्याकडच्या पोरींसाठी

या उन्हाळ्यात महिनाभर माहेरी होते, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी. दुपारी कूलरसमोर बसलं की आजूबाजूच्या गावच्या पोरी यायच्या. कोणाचा साखरपुडा झालेला, कोणाचं लग्न होऊन नवरा परत गेलेला, कोणाचा व्हिसा अडकलेला. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "ताई, संग काय काय नेऊ?" मी प्रत्येकीला सांगितलं, आधी भाषा ने. बॅगेचं मग पाहू.

बायको म्हणून जाणाऱ्या बहुतेकींना व्हिसाच्या आधी जर्मनची ए-१ परीक्षा, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची, द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, असे चार भाग. १०० पैकी ६० मिळाले की पास. नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांना मिळणारा तिकडचा राहण्याचा परवाना, असलं तर ही परीक्षा माफ आहे. पण माफ असली तरी शिकून जा, हे मी अगदी हात जोडून सांगते.

आणि घाबरू नका, कारण मराठी शाळेत शिकलेल्या पोरीला ही भाषा अर्धी ओळखीची निघते. आपल्याकडे तो, ती, ते आहे, तसं तिकडे देअर, दी, दास आहे. आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी, वीस नंतर. त्यांचंही तसंच, फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश, म्हणजे पाच आणि वीस. इंग्रजी शाळेतली मुलं या उलट्या आकड्यांत गोंधळतात, आपल्याला ते उलटे वाटतच नाहीत. मी ओसरीवर बसून हे पाठ करायची तेव्हा धाकटा भाऊ विचारायचा, "ताई, दर आकड्याच्या मधात हे उंट कावून येऊन राहिले?" सगळं घर हसायचं. उंट म्हणजे आणि. हा शब्द मी जन्मात विसरणार नाही.

वेळेचं मात्र नीट शिका. मी २०१४ च्या जानेवारीत गेले, श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात. तिसऱ्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी कॉफीला बोलावलं, "हाल्ब फिअर" वाजता. हाल्ब म्हणजे अर्धा, फिअर म्हणजे चार. मी साडेचार समजले. साडी नेसून, गूळ-तिळाच्या वड्या घेऊन बरोबर साडेचारला दार वाजवलं. आजी एक तासापासून वाट पाहत होत्या, कॉफीच्या भांड्यावर विणलेली टोपी घातलेली होती. हाल्ब फिअर म्हणजे साडेतीन. आपलं पावणेचार म्हणजे चाराला पाव कमी ना, तसं हे चाराला अर्धा कमी. असं कोणी आधी सांगितलं असतं तर एका झटक्यात डोक्यात बसलं असतं, म्हणून तुम्हाला सांगते.

खरी पंचाईत पुढेच झाली. आजींनी सफरचंदाचा केक पुढे केला. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मी म्हटलं, नको, नको. आपल्याकडे पहिला नको हा काही नकार नसतो. घरची बाई म्हणते, "घ्या नं बाप्पा, एवढ्यानं काय होते?" मग आपण म्हणतो, बरं, थोडासा. आजींनी ऐकलं, मान हलवली आणि केक उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी तासभर रिकाम्या बशीकडे पाहत बसले. त्यांचा दोष काहीच नव्हता. तिकडे तुमच्या शब्दाला मान देणं म्हणजे तो पहिल्यांदाच खरा मानणं. तेव्हा भूक असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा. आणि तुमच्या घरी कोणी नाही म्हटलं तर ताटात जबरदस्तीनं पुरणपोळी वाढू नका. ताटात टाकणं त्यांना पाप वाटतं, मग बिचारे डोळ्यांत पाणी आणून संपवतात.

श्टुटगार्टच्या बाजूला जाणार असाल तर अजून एक. एके दिवशी आमच्या दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकलेली दिसली. मला वाटलं, स्वागताची असेल. ती होती केअरवोखेची, म्हणजे जिना झाडायची पाळी. आठवडा संपला की झाडून-पुसून पाटी शेजारच्या दाराला लावायची. झाडणं आपल्याला कोणी शिकवायला नको. मी जिना पुसला, समोरची फरशी धुतली आणि माहेरच्या सवयीनं खालच्या पायरीजवळ चार बोटांची रांगोळी काढली. त्या दिवशी इमारतीतली सगळी माणसं ती ओलांडून गेली, सायकली उचलून नेल्या. पुसायची कोणाला हिंमत नव्हती, कारण आठवडा माझा होता. संध्याकाळी वरचे काका घंटी वाजवून अदबीनं विचारायला आले, "झालं का पूर्ण? आता पाय ठेवला तर चालेल?" त्या दिवसापासून ती माणसं मला माझी वाटू लागली.

आता कागदाचं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची, हा कायदा आहे. आणि त्याच दिवशी टपालपेटीवर आणि घंटीवर स्वतःचं आडनाव लावा. माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर तेही लावा, नुसतं नवऱ्याचं नको. माझी पहिली दोन पत्रं याच कारणानं परत गेली. पासपोर्टवर आपल्या नावामागे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, तिकडे ते तुमचंच दुसरं नाव समजतात. दवाखान्यात मला वडिलांच्या नावानं हाक मारली तेव्हा मी बाबांना शोधत मागे वळून पाहिलं होतं. भारताचं ड्रायव्हिंग लायसन्स सहा महिनेच चालतं. नवरा सरकारी आरोग्य विम्यात असेल आणि तुम्हाला कमाई नसेल तर तुम्ही त्याच्याच विम्यात बसता, वेगळा हप्ता नाही. संकटात ११२.

बॅगेत तूप, पेढे, खवा काही घालू नका. दूधदुभतं आणि मांस बाहेरून नेता येत नाही. मायनं चार दिवस लोणी कढवून केलेला तुपाचा डबा विमानतळावर माझ्यासमोर कचऱ्यात गेला, ते अजून आठवतं. संत्रीसुद्धा सरकारी प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. कुरड्या, बिबडे, सरगुंडे, तिखट, गोडा मसाला, तूरडाळ हे भरा. ज्वारीचं पीठ तिकडे मिळतं, भाकर थापता येते.

फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा आणि खिडकी सताड उघडा. घरोघरी छताला धुराची घंटी असते, मिरचीचा ठसका तिला कळत नाही, ती आग समजून कोकलते. बाहेर उणे पाच असलं तरी दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच मिनिटं उघडायच्या, नाही तर भिंतीला बुरशी धरते. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवार हा आपला बाजाराचा दिवस धरा. रात्री दहानंतर मिक्सर नको. प्लास्टिकच्या बाटल्या फेकू नका, दुकानातल्या यंत्रात टाकल्या की बहुतेक एकीचे २५ सेंट परत मिळतात.

हे सगळं आठ दिवसांत अंगवळणी पडतं. पडत नाही ते एकटेपण. गावात सकाळपासून सासू, जाऊ, शेजारची काकू, दळणावरची बाई, कोणी ना कोणी बोलतंच. तिकडे दिवसभराचं बोलणं साठत जातं आणि दार उघडलं की सगळं एका माणसावर ओतलं जातं. तोही दिवसभर परक्या भाषेत काम करून थकलेला असतो. आमच्यात पहिल्या सहा महिन्यांत जी भांडणं झाली ती सगळी संध्याकाळी सहा ते सातच्या मधली. नवरा वाईट नव्हता, मीही नव्हते. एका माणसाला अख्खं गाव होता येत नाही, एवढंच होतं. म्हणून गेल्या गेल्या इंटिग्रेशन कोर्सला नाव घाला. ६०० तास भाषेचे असतात, १०० तास तिथल्या कायद्याचे आणि इतिहासाचे. माझ्या वर्गात एक तुर्की बाई होती, एक ब्राझीलची. तिघीही नवऱ्यासाठी आलेल्या. मोडक्या जर्मनमध्ये आम्ही सासवांच्या गोष्टी सांगायचो आणि एकमेकींचे डबे खायचो. तुर्की बाईची वांग्याची भाजी खाऊन मी रडले होते, इतकी ती आपल्या भरताजवळची होती.

आणि घरी फोनची वेळ ठरवून जा. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ बदलतं. पहिल्या वर्षी हे मी मायला सांगितलंच नव्हतं. ती रात्री आठला मोबाईल पदरात घेऊन ओसरीवर बसली आणि माझा फोन नऊला गेला. उचलल्या उचलल्या म्हणाली, "जिवंत हायेस नं वं माय?" त्या दोन रविवारांच्या आधी मायला नक्की सांगून ठेवा.