सिस्टर व्हायचंय म्हणतेस?

मी कॅथलिक सिस्टर, म्हणजे संन्यासिनी. मे महिन्यात सुट्टीला सोलापुरात आले की मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर एखादी तरी मुलगी मला चर्चच्या दारात गाठते. "सिस्टर, मलापण यायचंय." मागे तिची आई उभी, चेहऱ्यावर निम्मं कौतुक, निम्मी धास्ती. मग सावली बघून बसतो आणि मी बोलते ते साधारण असं.

कागद सोपे आहेत. बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराचा) दाखला आणि लग्न झालेलं नसल्याचा दाखला. वयाची १७ पूर्ण झाल्याशिवाय नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या तयारीच्या काळात, घेता येत नाही, असा चर्चचा कायदा आहे. पण तू १७ला जाऊ नकोस. पदवी घे, जमलं तर वर्षभर नोकरी कर. हातात कधी पगारच आला नाही, तर तो सोडला म्हणण्यात काय अर्थ? आणि घरात स्थळं बघायला लागलेत म्हणून येणार असशील, तर वडिलांशी भांड. ते सोपं आहे.

उमेदवारीनंतर नॉव्हिशिएट, किमान १२ महिने. मग तात्पुरती व्रतं, किमान ३ वर्षं, लांबली तर ९पर्यंत. आजन्म व्रतं त्यानंतर. एवढी वर्षं ठेवलेत ती तुला पारखायला, तशीच तुला परत फिरता यावं म्हणूनही. आम्ही सात जणी होतो, आजन्म व्रतांना तिघी उरलो. बाकीच्या चौघी हरल्या असं मला कधीच वाटलं नाही. त्यांतली एक तर माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करते, दोन पोरं सांभाळून.

ब्रह्मचर्य, निर्धनता, आज्ञापालन या तीन व्रतांपैकी ब्रह्मचर्याबद्दलच सगळे कुजबुजत विचारतात. मला जड गेलं ते निर्धनतेचं, तेही एका डब्यामुळं. आईनं विड्या वळून जमवलेल्या पैशातून किलोभर शेंगाचटणी पाठवली होती. नॉव्हिस मिस्ट्रेस, म्हणजे आम्हा नवख्यांना घडवणाऱ्या सिस्टर, म्हणाल्या, "स्वयंपाकघरात ठेव." तीन दिवसांत डबा रिकामा. मी संडासात जाऊन रडले. चटणीसाठी नव्हे, आईचं म्हणून जे होतं ते सगळ्यांचं झालं म्हणून. पुढं आजन्म व्रतांआधी कायद्यानं चालणारं मृत्युपत्र करावं लागलं, तेव्हा हात थरथरला नाही. तो डबा आधीच गेला होता. (पगार संस्थेला जातो म्हणून टॅक्स सुटतो, असं कुणी सांगेल. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर-फादरांच्या पगारातून टीडीएस कापायचाच, असं २०२४मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय.)

आज्ञापालन म्हणजे बदलीचा कागद. आला की पेटी भरायची.

पण मी मोडायला आले होते ते प्रार्थनेपाशी. तिथं सगळं इंग्रजीत. स्तोत्रं म्हणायचे, अर्थ कळायचा, आत काही हलायचं नाही. वाटलं, माझी श्रद्धाच आटली. घरी जाते म्हणून चिठ्ठीही लिहिली. माझ्या मार्गदर्शक सिस्टर म्हणाल्या, "मन कोरडं असताना आधीचा निर्णय बदलू नये, असं संत इग्नेशियस सांगतात. चिठ्ठी राहू दे माझ्याकडं." मग एका रात्री आजारी पडले आणि तोंडातून आपोआप आईची जपमाळ निघाली, सुपातली पानं कातरत ती जशी पुटपुटायची तशीच, अर्धे शब्द गिळून. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटलं.

गंमत बघ. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटानं, म्हणजे संत इग्नेशियसच्याच संघातल्या धर्मगुरूनं, मराठी ओवीत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६मध्ये छापून आलं, आणि मी, सोलापूरच्या पाच्छा पेठेतली, इंग्रजीत देव सापडेना म्हणून लाजत होते!

माणसं मात्र विचारत राहणार. रेल्वेत हमखास: "तुम्ही केरळच्या का?" मी म्हणते, सोलापूरची. "मग मराठी इतकं चांगलं कसं?" काय सांगायचं! आजोबा नगर जिल्ह्यातून गिरणीत कामाला आले. आम्ही सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला जायचो आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत गड्ड्यावर पाळण्यात बसायचो. घरी कुणाला त्यात विसंगती दिसली नाही. क्रूस गळ्यात आल्यावर ती मला दाखवणारे भेटले, बाहेर आणि कॉन्व्हेंटमध्येसुद्धा. एकदा जेवणाच्या टेबलावर माझ्या सोलापुरी "का बे"वर सगळ्या हसल्या, तर मी वर्षभर तोंड सांभाळून बोलले. ते वर्ष वाया गेलं. तू तसं करू नकोस. व्रतात बोली सोडायचं कुठंच लिहिलेलं नाही.

आता एवढंच कर. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस आमच्याकडं राहून बघ. पहाटे उठ, भांडी घास, आजारी म्हाताऱ्या सिस्टरांजवळ बस, आमची भांडणं ऐक. हो, होतात. आणि वडिलांना तू स्वतः सांग. मागच्या वेळी एकीनं ते काम माझ्यावर ढकललं होतं, त्यांच्या घरी मला अजून चहा मिळत नाही.