आडवळणाचे इंग्रजी शब्द जमवायचे तर

पंचवटी कारंज्याजवळ आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. शाळा सुटल्यावर तासभर झुंबड, एरवी दुपार निवांत. त्या निवांत वेळात गेली नऊ वर्षं मी इंग्रजीतले आडवळणाचे शब्द जमवते. हा नाद कुणाला लावून घ्यायचा असेल तर माझी पद्धत सांगते.

वही घालू नका. पहिल्या वर्षी मी दोनशेपानी वहीत शब्द आणि पुढे अर्थ असं लिहीत गेले. वर्षाने वही उघडली तर निम्मे शब्द परके. कुठे भेटले, कोणत्या वाक्यात भेटले, काही लिहिलंच नव्हतं. आता जाड कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापते. एका कार्डावर एकच शब्द. त्याखाली तो ज्या वाक्यात सापडला ते वाक्य जसंच्या तसं, मग पुस्तक, पान, तारीख. अर्थ सगळ्यात शेवटी. युक्ती जुनीच आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश असाच घडला. ठिकठिकाणचे वाचक चिठ्ठ्यांवर वाक्यं उतरवून कोशाचे संपादक जेम्स मरे यांच्याकडे पाठवत. पहिला भाग १८८४ साली निघाला, शेवटचा १९२८ साली. मरे त्याआधीच, १९१५ मध्ये गेले.

सुरुवात हातातल्या वस्तूंपासून करा. बुटाच्या नाडीच्या टोकाला असतं ते ॲग्लेट. नखाच्या मुळाशी दिसणारी पांढरी चंद्रकोर म्हणजे लुन्यूला. पेन्सिलीला खोडरबर धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी म्हणजे फेरूल. हा शब्द मी सहावीतल्या एका मुलीला सांगितला, तर ती पेन्सिल डोळ्यांजवळ नेऊन फिरवत राहिली, पट्टीवरच्या खाचा बोटाने मोजल्या आणि म्हणाली, "मावशी, हिलासुद्धा नाव आहे?" असा शब्द पाठ करावा लागत नाही.

कार्डाची मागची बाजू मराठीसाठी ठेवा. खरी गोडी तिथे आहे. पेट्रिकॉर हा शब्द १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी घडवला. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडल्यावर येणारा वास. ग्रीकमधला पेट्रा म्हणजे खडक, आयकॉर म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. मागे मी मृद्गंध लिहिलं आणि थबकले. आपण तो वास मातीला दिला, त्यांनी दगडाला. जूनच्या पहिल्या सरीला गोदाघाटाच्या पायऱ्यांवर उभी राहते तेव्हा मला दोन्ही पटतात. ओव्हरमॉरो हा जुना शब्द म्हणजे उद्यानंतरचा दिवस, एअरयेस्टरडे म्हणजे कालच्या आदला. इंग्रजीने दोन्ही टाकून दिले. आपला एकटा परवा दोन्ही कामं रोज करतो. आणि मंगूस तर आपलाच मुंगूस, मराठीतून तिकडे गेलेला.

पेटीत टाकण्याआधी प्रत्येक शब्द निदान दोन कोशांत बघाच. मोबाईलवर फिरणाऱ्या याद्यांत पुष्कळ शब्द कुणीतरी मजेखातर रचलेले असतात. छापील कोशही चुकतो. वेबस्टरच्या १९३४ च्या कोशात डॉर्ड म्हणजे घनता असा शब्द छापला गेला. मूळ चिठ्ठीवर होतं 'डी ऑर डी', म्हणजे मोठा किंवा छोटा डी हे घनतेचं लघुरूप; ते एक शब्द म्हणून वाचलं गेलं. मी शंका आली की सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाते. १८४० पासूनचं वाचनालय आहे, एक दुपार तिथे सहज जाते.

कार्डं चपलांच्या खोक्यात, पण अकारविल्हे नकोत. पाऊस, शरीर, स्वयंपाक, शेती असे गठ्ठे करा. रविवारी कुठल्याही गठ्ठ्यातून पाच काढायची आणि अर्थ झाकून वाक्य वाचायचं, बस.

पुस्तकाबाहेरही कान उघडा ठेवा. माझे दीर निफाड तालुक्यात द्राक्षं लावतात. त्यांच्या तोंडी पेटीओल हा शब्द रोजचा, कारण पानाचे देठ तपासायला पाठवावे लागतात. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ इवलंसं पाऊल. द्राक्षमण्यावर बोट फिरवलं की पुसली जाते त्या पांढुरक्या झाकेला इंग्रजीत ब्लूम म्हणतात. त्या कार्डाची मागची बाजू अजून कोरी आहे. येत्या छाटणीला बागेत जाईन तेव्हा जाऊबाईंना विचारणार आहे, त्या काय म्हणतात.