घाटपायथा आणि घाटमाथा: खरिपापूर्वी जिवाणू खते निवडताना

पोलादपूरच्या खोऱ्यातून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरच्या सुमारे १,३५० मीटर उंचीच्या पठारावर येताना हवा जशी बदलते, तशी पायाखालची मातीही बदलते. दर हजार मीटर चढणीला हवेचे तापमान साधारण ६ अंशांनी उतरते, घाटमाथ्यावर पाऊस ५,००० मिलिमीटरच्याही पुढे जातो आणि त्या पाण्याबरोबर मातीतील चुना व इतर क्षार वाहून गेल्याने जांभ्या जमिनी आम्लधर्मी होतात. खालच्या खाचरात चांगला परिणाम दाखवणारे जिवाणू खत (पिकाला अन्नद्रव्ये मिळवून देणाऱ्या जिवंत जिवाणूंचे खत) माथ्यावरही तसेच चालेल, हे त्यामुळेच गृहीत धरू नये.

मात्र उंची वाढली की मातीतील जीवसृष्टी सरसकट कमी होते, असेही नाही. पेरूमधील अँडीज पर्वतात उंचीनुसार झाडांची विविधता घटत गेलेली दिसते, पण मातीतील जिवाणूंची विविधता तशी घटलेली आढळली नाही. जिवाणूंच्या बाबतीत मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे याचे माप) अनेकदा उंचीपेक्षाही अधिक निर्णायक ठरतो. म्हणून पेरणीपूर्वी प्रत्येक शेताची, आणि एकाच शेतात उतार असल्यास वरच्या व खालच्या भागाची, वेगवेगळी माती तपासून घ्यावी. खर्च थोडा वाढला, तरी पुढचे सगळे निर्णय सामूच्या या एका आकड्यावर ठरतात.

सामू ६ च्या खाली असेल, तर अ‍ॅझोटोबॅक्टर (हवेतील नत्र पिकाला मिळवून देणारा जिवाणू) नीट तग धरत नाही. अशा वरकस (उताराच्या हलक्या) जमिनीत नाचणी व वरईसाठी अ‍ॅझोस्पिरिलम हे नत्र मिळवून देणारे दुसरे जिवाणू खत अधिक भरवशाचे ठरते. भातासाठीही तेच घ्यावे आणि लावणीच्या वेळी रोपांची मुळे त्याच्या द्रावणात १५ ते २० मिनिटे बुडवून ठेवावीत. जांभ्या मातीत लोह व अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात, म्हणून स्फुरद विरघळवणारे जिवाणू शेणखतात मिसळून द्यावेत. घेवड्याला त्याच पिकासाठी तयार केलेले रायझोबियमच (शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहून नत्र देणारे जिवाणू) वापरावे. बीजप्रक्रियेसाठी दर किलो बियाण्याला २५ ग्रॅम जिवाणू खत पुरते. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे, जिवाणू खत सर्वांत शेवटी चोळून बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. तपासणी अहवालात चुन्याची शिफारस असेल, तर चुना पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळावा; जिवाणू खताबरोबर तो कधीही देऊ नये.

माथ्यावरच्या शेतकऱ्यांनी शेणखताच्या वेळेकडे विशेष लक्ष द्यावे. तापमान १० अंशांनी उतरले की सेंद्रिय पदार्थ कुजण्याचा वेग साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे थंड पठारावर अर्धवट कुजलेले खत पिकाच्या गरजेच्या वेळी नत्र देण्याऐवजी जिवाणूंच्या वाढीसाठी मातीतलेच नत्र अडकवून ठेवते. तेथे पूर्ण कुजलेलेच खत वापरावे. सप्टेंबरमध्ये स्ट्रॉबेरीचे गादीवाफे भरणाऱ्यांनी तर त्यासाठीचा खड्डा आताच भरून ठेवावा.

रोपवाटिकेसाठी राब भाजताना (वाफ्यावर पालापाचोळा व शेण पसरून जाळताना) वरच्या थरातील जिवाणू आणि मुळांना स्फुरद पोहोचवणाऱ्या बुरशीचे धागे होरपळतात. राब टाळून गादीवाफ्यावर कुजलेले शेणखत व गिरिपुष्पाचा पाला वापरता आला, तर उत्तमच. भाजणे अपरिहार्य असेल, तर निदान जागा मर्यादित ठेवावी. उतारावरचे बांध पहिल्या मोठ्या पावसाआधी दुरुस्त करावेत, कारण सूक्ष्मजीवांची सर्वाधिक वस्ती वरच्या काही सेंटिमीटर थरात असते आणि धुपीत सर्वांत आधी तोच थर वाहून जातो.