नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) वाजवायचा कीबोर्ड घ्यायला निघण्याआधी

आदल्या रात्रीच मॉडेलचं पूर्ण नाव, आकड्यासकट, कागदावर लिहून घ्या. नुसतं ‘यामाहाचा ६१ कीजवाला’ म्हटलं की दुकानात जो पडून आहे तोच समोर येतो. ऑनलाइन भावही बघून ठेवा, पण त्यात अ‍ॅडॉप्टर आहे का ते पाहून. खोक्यावरची एमआरपी म्हणजे सगळे कर धरून वरची हद्द. बाजारभाव बहुतेक वेळा तिच्या खालीच असतो, तेव्हा ‘एमआरपीवर घसघशीत सूट’ ऐकून हुरळू नका.

आता भावाचं. ऑनलाइनपेक्षा पाचशे-हजार जास्त मागितले तर मी देतो. दुकानदाराने पीस मांडून ठेवलाय, पैसा अडकवलाय, तासभर वाजवू दिलंय. शिवाय उद्या एखादी की अडकली तर त्याच्याकडेच जायचंय. फरक हजाराच्या वर असेल तर मात्र उठायची तयारी हवी.

माझी चूक सांगतो. पुतणीसाठी घेताना पाऊण तास घासाघीस करून आठशे रुपये सोडवले आणि मग स्टँड, कव्हर, अ‍ॅडॉप्टर न विचारताच बिलात घेतले. घरी बेरीज केली तर आठशे तिथेच परत गेलेले, वर दोनशे. अ‍ॅडॉप्टरही भलताच. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेला १२ व्होल्टचा लागतो, कॅसिओ सीटी-एक्स७०० ला ९.५ चा, तळाशी लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

म्हणून आता एकच प्रश्न विचारतो: “भाऊ, स्टँड-कव्हर, जीएसटी सगळं धरून हातात किती? बिल पक्कं पाहिजे.” उत्तर ठरलेलं: “काय सांगून राहिले भाऊ, यात काही सुटत नाही आपल्याले.” यावर गप्प बसायचं, पाणी मागायचं. कीबोर्डचा भाव नाही हलला तरी कव्हर सुटतं, कधी स्टँडही.

हेडफोन घरूनच न्या. प्रत्येक की एकदा हळू, एकदा जोरात दाबा. टच (दाबण्याच्या जोरानुसार आवाज लहान-मोठा होण्याची सोय) असलेल्या मॉडेलवर आवाज बदलायलाच हवा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर दुसरा पीस मागा. काचेतलाच देत असतील तर डिस्प्ले पीसचा भाव वेगळा करून घ्या. तळाचा सिरियल नंबर बिलावर लिहवून, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या.

आणि ऑटोचे पैसे बाजूला ठेवा. ते खोकं स्कूटरवर मावत नाही.